जर्सीवरचा चीक

केळीच्या चिकाचा वास आला की आमची शाळेची रग्बी टीम आठवते. रावेरला सगळ्यांत जोरात मी पळायचे, पण सर चेंडू द्यायचे वर्गातल्या एका शेतकऱ्याच्या पोरीला. तिला केळीचे घड न आपटता वाहायची सवय; चेंडू तिच्या हातून सुटायचाच नाही. धुळ्याच्या मॅचला ती चिकाच्या काळ्या डागाची जर्सी घालून धावली, आणि बाकावर बसून मी नुसती जळत राहिले. घरी येताच केळीचं पान मोडून माझ्या कोऱ्या जर्सीवर चीक चोळला. आई ओरडली, "माय वं! केयीचा डाग जल्मात निंघत नही!" खरंच निघाला नाही. परवा भाचीने ती जर्सी बघून विचारलं, "मावशी, तू खूप खेळायचीस?" मी नुसता डाग दाखवला.