संतरीची बदली

दिवाळीचा वास म्हटला की लोकांना उटणं आठवतं, मला जळकं प्लास्टिक आठवतं. त्याला कारण आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील.

आप्पा फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्याला घरी आले ते एक छोटं ड्रिल घेऊन. पेनासारखं हातात धरायचं, टोकाला सुईएवढी बारीक बिट. चालू केलं की घूं करायचं, म्हणून आम्ही त्याला भुंगा म्हणायचो. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला व्हायचा, पण बाजारातले प्लास्टिकचे मावळे ओल्या मातीत धड उभे राहायचे नाहीत. वर पेरलेल्या हळिवाला पाणी घातलं की निम्मी फौज आडवी. आप्पांच्यातल्या फौजीला हे सहन होईना. मग ते प्रत्येक मावळ्याच्या पायात भुंग्यानं भोक पाडून तार बसवू लागले. तार मातीत खुपसली की मावळा हलायचं नाव घेत नसे. जोर करू नये, दमानं घ्यावं, नाहीतर प्लास्टिक वितळतं, हे ते दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी एखाद्याचा पाय स्वतःच वितळवायचे. असा एक तिरका मावळा आमच्याकडं कायमचा राहिला. आई त्याला फौजीसाहेबांचा जावई म्हणायची. लग्नानंतर माझ्या नवऱ्याला हे कळलं, तेव्हा तो दिवसभर फुगून बसला होता.

किल्ल्याच्या दरवाज्यावरचा मावळा म्हणजे संतरी, पहारेकरी. तो सकाळ-संध्याकाळ बदलायचा. दरवाज्याच्या विटेलाही आप्पांनी भोक पाडून ठेवलं होतं. दुसरा मावळा हातात घेऊन मी "बदली आली" म्हणून ओरडायचं, मगच आप्पा पहिल्याला अलगद उपसून खोक्यात झोपवायचे. बदली यायच्या आधी त्याला हात लावला, तर माझी धडगत नसे. मावळ्यांना बदली मिळते, मला या स्वयंपाकघरातून कधी मिळायची, असं आई आतून विचारायची, आणि आप्पा ऐकू न आल्यासारखं करायचे.

आई जाऊन आता वर्ष झालं. आप्पा साताऱ्यात एकटेच. उन्हाळ्यात न्हाणीघरात पडले, शेजाऱ्यांनी उचललं. तेव्हापासून मी सांगलीला माझ्याकडं कायमचं राहायला चला म्हणून मागं लागले होते. रडून झालं, चिडून झालं, चार दिवस फोनवर अबोला धरून झाला. त्यांचं एकच उत्तर. "पहाऱ्यावरचा माणूस बदली आल्याबिगर जागा सोडत न्हाई." रिकाम्या घरावर कसला पहारा, ते काही सांगेनात. ते पुन्हा कधी पडले आणि कुणाला कळलंच नाही तर, या विचारानं माझी झोप उडाली होती.

यंदा ते दिवाळीपुरते आले. पिशवीतून मावळ्यांचं खोकं आणि भुंगा तेवढा काढून दिला, बाकीची पिशवी भरलेलीच दाराशी ठेवली. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी परत जायचं ठरलेलं.

मुलगा पुण्याला शिकायला, त्यामुळं गच्चीवर किल्ला मीच केला, चाळिशी उलटलेल्या बाईनं. सोसायटीतल्या बायका हसत होत्या, हसू देत. आप्पांचा हात आता थरथरतो, म्हणून भुंगा मी धरला आणि ते शेजारी खुर्चीवर बसले. नव्या मावळ्याच्या पायातून बारीक भुसा निघाला, पाठोपाठ तो जुना वास आला, आणि मला आईची इतकी आठवण झाली की हातातलं काम थांबवावं लागलं. आप्पांनीही मान दुसरीकडं वळवली.

भाऊबीजेच्या संध्याकाळी संतरी बदलायची वेळ झाली. खोक्यातून मी तो तिरका जावईच काढला. पण किल्ल्याकडं न बघता आप्पांकडं बघून म्हणाले, "आप्पा, बदली आली. तुमी उतरा आता."

त्यांनी पहिल्या मावळ्याला उपसलं. तो हातात धरून तारेला लागलेली माती अंगठ्यानं पुसत राहिले. मला वाटलं, आता चिडतील. मी गुपचूप तिरक्याची तार विटेच्या भोकात बसवली.

"उद्या तूच साताऱ्याला जाऊन ये," ते म्हणाले. "कपाटावर तुझ्या आईचा चष्मा हाय, तेवढा घिऊन ये. रोज पुसतो मी. चार दिस झालं, धूळ बसली असंल."