सशाच्या नखातली शीर

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाकडं येतं, त्याची आधीच माफी मागते. हे कुणी वाचणार नाही, तरी मागते. चौथीनंतर लिहायची सवय राहिली नाही.

एका दुष्काळाच्या वर्षी आम्ही दोघं नवराबायको दिवाळीनंतर सहकारी कारखान्याच्या ऊसतोडीला निघणार होतो. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, त्यामुळं जाणं टळणार नव्हतं. शाळेसाठी लेक सासूबाईंजवळ राहणार होती, आणि तिचा पांढरा ससाही. कुत्र्यांच्या भीतीनं तो सारखा खोक्यात असायचा, त्याची नखं झिजायची नाहीत. लेकीचे हात ओरखड्यांनी भरले होते.

सासूबाई म्हणाल्या, "पोरीला असं ओरबाडत असंल तर मी न्हाई ठेवायची त्याला. देऊन टाकीन कुणाला बी."

लेक त्या रात्री जेवली नाही.

सकाळी ह्यांनी ससा उपरण्यात गुंडाळून माझ्या मांडीवर दिला. एकच पाय बाहेर. नेलकटरनं पहिलं नख बुडातून कापलं आणि रक्त आलं. मी हळद दाबून धरली. चूक कशी झाली ते मला कळलं. ऊस जमिनीलगत तोडायचा असतो, खोडूक उंच राहिलं की मुकादम बोलतो. ह्यांचा हात त्याच सवयीचा.

मग ह्यांनी पंजा उन्हाकडं धरून पाहिला. नखात गुलाबी शीर दिसली. तिच्या पुढचं नुसतं टोक कापत गेले. कोयता सपासप चालवणारा तो हात इतका हळू चालताना मी कधी पाहिला नव्हता. पुन्हा रक्त आलं नाही.

"एवढं खोडूक ठेवलेलं मुकादमानं बघितलं तर मजुरी कापंल," हे म्हणाले आणि शेवटचा पाय सासूबाईंपुढं केला.

"मला न्हाई दिसत, बाबा."

"शेजारच्या चुलीवर काय शिजतंय ते दिसतं, आन् नख दिसत न्हाई व्हय?"

"लई बोलतूस," म्हणत त्यांनी नेलकटर घेतलं. त्यांनीही पंजा उन्हाकडं धरला आणि चारही नखं नीट कापली. दोघांचं मला फार कौतुक वाटलं, पण तोंडावर बोलायची लाज वाटली.

हंगाम संपवून आलो तेव्हा ससा घरातच होता. लेकीच्या हातावर एकही नवा ओरखडा नव्हता. सासूबाईंनी पाणी द्यायच्या आधी सशाचे पंजे दाखवले, मग विचारलं, "उचल फिटली का?"

"सगळी फिटली," हे म्हणाले.