शेपटाकडचा कुशाबा

हैबतरावांची आणि कुशाबाची पहिली भेट व्हायला दीड दिवस लागला, कारण दोघांच्या मधे ट्रेलर होता.

सत्तावन्न सालची गोष्ट. ताम्हिणीच्या वाटेवर विजेच्या कामाची छावणी पडली होती आणि तिकडे न्यायचे अजस्र लोखंडी नळ एका कंत्राटदाराने या ट्रेलरवर चढवले होते. ट्रेलरचं तोंड पौडच्या बाजारात शिरलं तेव्हा शेपूट अजून पिरंगुटच्या घाटात होतं, असं पौडची माणसं शपथेवर सांगतात. तोंडावर पौडची कुत्री भुंकत होती, शेपटावर पिरंगुटची. मधल्या गावांच्या कुत्र्यांना नेमकं कुठल्या बाजूला भुंकावं हे कळेना, म्हणून ती घरी जाऊन झोपली. एवढ्यात गाडी अडली. दुसऱ्या महायुद्धात इजिप्तच्या वाळवंटात रणगाडे ओढून आलेले ड्रायव्हर हैबतराव खाली उतरले आणि काय झालं ते बघायला शेपटाकडे चालू लागले. निघाले तेव्हा त्यांची दाढी गुळगुळीत होती. पोचले तेव्हा गालावर खुंट आले होते, असं कुशाबा सांगायचा.

शेपटाकडे, मागच्या चाकांच्या वर, एक लोखंडी बैठक होती. ही मागची चाकं पुढच्या ड्रायव्हरचं ऐकत नसत. त्यांना वेगळं स्टिअरिंग होतं आणि ते फिरवायला वेगळा माणूस लागे. त्या बैठकीवर हैबतरावांचा माणूस नव्हता. एक काळासावळा अनोळखी गडी मांडी घालून तंबाखू मळत बसला होता.

"तू कोण रं?"

"कुशाबा मांडेकर. चांद्याचा."

"आमचा मानूस कुटं हाय?"

"पळाला. म्हनला, ह्ये धूड माझ्या बापाच्यानं मागं जानार न्हाई. बैठक मोकळी दिसली, म्हून बसलो."

"तुला जमतंय व्हय ह्ये?"

"लाकडाच्या गाड्याचं शेपूट धरत आलोय जलमभर. तितं बैल व्हतं, हितं इंजिन हाय. शेपटाला काय फरक पडतोय?"

हे खरं होतं. ताम्हिणीच्या रानातून सागाचे लांब ओंडके यायचे ते दोन जोड चाकांवर. पुढच्या जोडीला बैल, आणि मागच्या जोडीला एक दांडा. वळणावर तो दांडा रेटत चालणारा माणूस म्हणजे कुशाबा. हैबतरावांनी त्याला तिथेच ठेवून घेतला. आपल्याच शेजारच्या गावचा हा गडी पिरंगुटच्या घाटात सापडावा, याचं नांद्याच्या हैबतरावांना फार कौतुक वाटलं.

पुढं जाताना ट्रेलर हैबतरावांचा असे आणि मागं जाताना कुशाबाचा. घाटातलं अवघड वळण एका दमात बसायचं नाही. थोडं पुढं, मग मागं, पुन्हा पुढं, असं करावं लागे. मागं जाताना हैबतरावांना फक्त स्वतःचे नळ दिसत. म्हणून कुशाबाने आपल्या मेलेल्या बैलाच्या गळ्यातली घंटा पुढं केबिनमध्ये टांगली आणि तिची दोरी नळांवरून आपल्या हातापर्यंत आणली. दोन टोले म्हणजे मागं या. एक टोला म्हणजे थांबा. हैबतराव भोंगा वाजवून होकार देत. दरी चपलेच्या अंतरावर असली तरी दोन टोले पडले की हैबतराव डोळे मिटून मागं येत. सतत मागं बघून बघून कुशाबाची मान डाव्या बाजूला कायमची वळली होती. पुण्यात जाऊन त्याने एकदा फोटो काढला, तर फोटोवाला शेवटी दमून कॅमेराच हलवून बसला.

अशा दोन माणसांचं सूत व्याहीपणापर्यंत गेलं नसतं तरच नवल. हैबतरावांच्या वाल्मीकला कुशाबाची रत्ना दिली. आणि तिथंच सगळं बिघडलं.

लग्न चांद्यात झालं. वरपक्षाला मानाचे फेटे बांधायची वेळ आली. ओळीच्या तोंडाशी वराचे बाप म्हणून हैबतराव ताठ बसले होते. कुशाबा फेट्यांची चळत काखेत मारून निघाला आणि सवयीने थेट ओळीच्या शेपटाकडे गेला. तिथून बांधत बांधत पुढं येऊ लागला. शेपटाला कोण कोण बसलं होतं देव जाणे. फुकट फेटा मिळतो म्हटल्यावर वाजंत्रीवाल्याचा भाचासुद्धा वरपक्षात शिरला होता. हैबतरावांपाशी पोचेपर्यंत फेटे संपले. कुशाबाच्या हातात उरला होता पिवळ्या पट्ट्यांचा टॉवेल आणि टोपी.

हैबतरावांनी टॉवेल उलगडून सगळ्या मांडवाला दाखवला.

"मला लग्नाला बोलिवलंय का आंगुळीला?"

मांडव हसला. हसायला नको होता. हैबतराव उठले आणि बोलून गेले, "ह्या डोस्क्यावर मानाचा फेटा चढंस्तवर माझी सून म्हायेराला म्हून पुन्हा चांद्याची शीव वलांडनार न्हाई."

"जलमभर शेपटाकडं बसून डोस्कंबी तिकडंच गेलंय तुमचं!" कुशाबाची बायको धोंडाबाई रात्रंदिवस नवऱ्याला म्हणे आणि पदर डोळ्याला लावी. चांदे आणि नांदे यांच्यात एक ओढा आणि चार बांध. इकडे कोंबडा आरवला की तिकडच्याला जाग यावी. पण लेक दिसायची ती बाजारात, लांबून, सासूच्या मागं.

कुशाबाने दुसऱ्याच आठवड्यात भारीतला गुलाबी फेटा आणला आणि गावची दोन जाणती माणसं घेऊन नांद्याला गेला. हैबतराव कौलं शाकारायला घरावर चढले होते. माणसं दिवस मावळेपर्यंत अंगणात बसली. तोवर हैबतरावांनी आपली कौलं संपवून शेजाऱ्याची धरली. फेटा परत आला. तेव्हापासून तो कुशाबाच्या पिशवीत बैठकीखाली असे.

काम मात्र सुटलं नाही. तोंडाला शेपटाशिवाय गत नव्हती. दोघं एकमेकांशी अक्षर बोलत नसत आणि घाटात मात्र टोला-भोंगा, टोला-भोंगा असा घरच्यासारखा संवाद चाले. बाकीची बोलणी मुळशीच्या गेणबा चहावाल्यामार्फत होत.

"गेणबा, मागल्या मानसाला सांग, चाकाला वंगन पायजेल."

कुशाबा हातभर अंतरावर चहा पीत असायचा. "गेणबा, पुढल्या मानसाला सांग, सकाळीच घातलंय."

"आरं, मी चा इकू का तुमची टपाल वाटू?" गेणबा वैतागे.

पण एक गोष्ट गेणबा कधी वैतागून करत नसे. हैबतराव जेवले की फडक्यातली एक भाकरी उरे. रोज उरे. ती गेणबाकडे सरकवत ते कुणाकडेच न बघता म्हणत, "जास्त झाली. दे कुनालातरी." गेणबा ती कुशाबाला देई. भाकरीच्या कडेला अंगठ्याने दाबून नक्षी काढलेली असायची. तशी नक्षी रत्ना लहानपणापासून काढायची. कुशाबा बैठकीवर जाऊन, मान डावीकडे करून, अर्धी कोरडीच खायचा. उरलेली अर्धी फडक्यात बांधून धोंडाबाईला न्यायचा. ती बाई शिळ्या अर्ध्या भाकरीवर सण झाल्यासारखी खूश व्हायची.

पासष्ट साली कंत्राटदाराने नवा ट्रेलर आणला. त्याची मागची चाकं आपोआप वळत. बैठक नव्हती, स्टिअरिंग नव्हतं. कुशाबाला घरी बसवलं. बैठक गेली याचं त्याला फारसं वाटलं नाही. पण दुपार झाली की तो ओट्यावर येऊन बसे, आणि धोंडाबाई आतून विचारी, "आज कुनी आलं न्हवतं व्हय मुळशीकडनं?" कुणी आलेलं नसे.

नवा ट्रेलर पुढं शहाण्यासारखा जाई. मागं घेतला की मागची चाकं भुतं लागल्यासारखी वाटेल तिकडं पळत. ती सरळ धरून ठेवायला एक जाड खिट्टी होती. खिट्टी घातली की चाकं ताठ, काढली की सैल. कधी घालायची, कधी काढायची, हे शेपटाकडे उभं राहून बघितल्याशिवाय कळायचं नाही. ताम्हिणीच्या अलीकडे हिरड्याचं वळण आहे. तिथं ऐन माघात ट्रेलर असा काही तिरपा अडकला की मागचं एक चाक दरीच्या काठावर आलं. मजूर उतरून लांब उभे राहिले. हैबतरावांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "गेणबाकडं जावा. त्याला म्हनावं, चांद्याला निरोप धाड."

दुसऱ्या दिवशी कुशाबा दुधाच्या गाडीवर बसून आला. काखेत पिशवी होती. त्यातून त्याने आधी घंटा काढली, केबिनमध्ये टांगली, आणि हैबतरावांकडे न बघता दोरी सोडत सोडत मागं गेला. दरीच्या अंगाला उभा राहिला आणि खिट्टी ठोकली.

दोन टोले.

भोंगा वाजला. ट्रेलर हातभर मागं आला. एक टोला. खिट्टी काढली, गाडी पुढं घेतली, चाकं वळली, पुन्हा खिट्टी, पुन्हा दोन टोले. कुशाबाच्या टाचेखालून खडे सुटून दरीत जात होते आणि त्यांचा आवाज बऱ्याच वेळाने येत होता. हैबतराव केबिनमध्ये एकदाही मागं वळले नाहीत. ऊन कलायच्या आत ट्रेलर वळणातून सरळ निघाला.

मग हैबतराव उतरले आणि चालत शेपटाकडे आले. या वेळी त्यांना खरंच वेळ लागला. चालताना ते धापा टाकत होते.

कुशाबाने पिशवीतून फेटा काढला. गुलाबी रंग घड्यांवर विटला होता. हैबतरावांनी इकडेतिकडे बघितलं. चार मजूर, एक हिरड्याचं झाड.

"हितं कोन बघनार?" ते म्हणाले. "आब गेला तवा अख्खा मांडव हसला व्हता. गावासमूर बांधा, इवाई. चैतात नांद्याची जत्रा हाय. पारावर बांधा."

इवाई. लग्नाच्या दिवसानंतर व्याह्याची ती हाक कुशाबाने पहिल्यांदा ऐकली.

"आनि रत्ना?"

"त्याच दिशी घिऊन जावा. म्हैनाभर ऱ्हाऊ द्या. तिची आई काय म्हनती?"

"काय म्हननार? भाकरी इचारती."

हैबतराव "व्हय," म्हणाले. मग केबिनकडे चालत गेले.

धोंडाबाईने पुरणाची डाळ आणून ठेवली. घर सारवलं, वाळल्यावर पुन्हा सारवलं. कुशाबाने फेट्याला पाणी मारून घड्या काढल्या आणि तो पितळी तांब्यावर बांधून बांधून सराव केला. ओळीत पहिलाच कोण बसतो हे धोंडाबाईने त्याच्याकडून रोज वदवून घेतलं.

शिमग्याच्या आधी हैबतरावांचे डोळे पिवळे पडले. नांद्याच्या वैदूने मुळी बांधली, पौडच्या डॉक्टरने सुई दिली. कावीळ उतरली नाही. जत्रेला पंधरवडा असताना ते गेले. कुशाबाने तिरडीला मागून खांदा दिला.

तेराव्याला रिवाजाप्रमाणे कुशाबाने तो गुलाबी फेटा वाल्मीकला बांधला. मान पोचला असं हैबतरावांची बायको सगुणाबाई चारचौघांत म्हणाली आणि सुनेला माहेरी पाठवलं. घरात दुःख असल्यामुळे धोंडाबाईने पुरण घातलं नाही. भाकरी रत्नानेच थापल्या.

पुढच्या उन्हाळ्यात सुरुंग लावून हिरड्याचं वळण रुंद केलं. आता तिथं कुठल्याच गाडीला मागं यावं लागत नाही.