भिंतीआडचं पार्किंग

नवघरच्या बाजारामागच्या पार्किंगमध्ये कॅमेरे बसवल्याला वर्ष झालं, म्हणून ठेकेदाराने कार्यक्रम ठेवला होता. "कॅमेरे लागल्यापासून इथे एकही चोरी नाही," तो माईकवरून सांगत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

माझ्या शेजारी पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या गळ्यावर ओरखड्याचा वण होता; हात सारखा तिथे जायचा आणि पदर आणखी घट्ट ओढून घ्यायचा. टाळ्या थांबल्यावर त्या पुढे गेल्या.

"दिवाळीच्या आधी माझं मंगळसूत्र इथेच खेचलं. त्या मागच्या भिंतीआड. तिथलं रस्त्यावरूनही दिसत नाही आणि कॅमेऱ्यातही नाही."

"मॅडम, आमच्याकडे अशी तक्रारच नाहीये," ठेकेदार हसत म्हणाला.

"केली होती. तुमच्या माणसाने 'वस्तू हरवली' असं लिहून घेतलं. आता बायका इथे गाड्याच लावत नाहीत, मग चोरी कोणाची होणार? ती भिंत पाडा, एवढंच सांगतेय."

त्याने पाहुण्यांना चहाला बोलावलं. माझं डोकं सणकलं. या बाईच्या गळ्यावरचा ओरखडा 'हरवली' या एका शब्दात मिटवून हा माणूस सत्कार घेत होता. "आधी त्यांना उत्तर द्या," मी ओरडलो, तर कोणीतरी मलाच खांद्याला धरून बाजूला केलं.

बाई तोवर गेटबाहेर पडल्या होत्या. मी मागे जाऊन विचारलं, "ताई, आता गाडी कुठे लावता?"

"विकली," त्या म्हणाल्या आणि रिक्षाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.