नाना मात्र हसले नाहीत

मित्रांनो, समोर ताट वाढलेलं आहे आणि ते बाजूला सारून मी हे लिहितेय.

आज सकाळी सावद्याला केळीच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये गेले होते. तिथल्या कामगारांशी हवामान बदलावर बोलायचं होतं. आलेख दाखवून सांगितलं, "सगळ्या देशांची आजची धोरणं अशीच राहिली, तर हे शतक संपेपर्यंत पृथ्वी अडीच-तीन अंशांनी तापलेली असेल."

सगळे हसायलाच लागले. एक जण म्हणाला, "ताई, आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस असते. तीननं काय व्हते?"

नाना मात्र हसले नाहीत. ते तिथले सगळ्यात जुने ऑपरेटर. केळीच्या खोल्यांचं तापमान तेरावर ठेवायचं, हे त्यांचं काम.

"हासू नका रे," ते म्हणाले. "तेराचे अकरा झाले तं सारी केयी काळी पडते. अलारम वाजला का मी ताटावरून उठतो."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, ह्या जगाचं बटन कोनाच्या हातात हाये?"

"सरकारांच्या, नाना. सगळ्याच देशांच्या."

"त्याहिले अलारम आयकू येत नाही का?"

"येतो ना. कितीतरी वर्षं येतोय."

नानांनी अगदी हळू विचारलं, "मंग ते उठत कामून नाहीत?"

अजून बारा स्लाइड बाकी होत्या. मी लॅपटॉप बंद केला.

तुम्ही असता तर नानांना काय सांगितलं असतं? माझं ताट अजून तसंच आहे.