चालवणारा आधी गार होतो

माझ्या जुन्या जीपला एसी नव्हता. तो इथे आखातात, सीब गावातल्या एका गॅरेजवाल्याने बसवला. माणूस देवगडकडचा, नाव विचारायचं राहूनच गेलं. गाडी सकाळीच तयार होती, पण त्याने दिली नाही.

"दुपारी एकला या. सकाळी कुठलाही एसी गार करतो."

एकला त्याने चावी मला दिली आणि स्वतः मागे बसला, मानेवर हात ठेवून, डोळे मिटून. थोडं पुढे गेल्यावर मी म्हटलं, "मस्त गार झालं."

"तुम्हाला झालं. चालवणारा आधी गार होतो. माझा घाम सुकू दे, मग काम खलास म्हणा."

गॅरेजात परतून त्याने मागच्या बाजूला आणखी एक ब्लोअर बसवला.

"आता मी चालवतो. तुम्ही मागे बसा."

दोन वर्षं माझ्या मुली जिथे बसत होत्या, तिथे मी पहिल्यांदाच बसलो.