पहिलीच्या ताब्यातलं ऑफिस

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सौंसरजवळच्या एका सरकारी मराठी शाळेच्या मुख्याध्यापिकेने, म्हणजे मीच, पूर्ण शुद्धीत असताना स्वतःचं ऑफिस पहिलीच्या पोरांना देऊन टाकलं. आभाळ कोसळलं नाही. कोसळले ते फक्त आमचे जुने गुरुजी, तेही खुर्चीत.

त्याआधी पहिली व्हरांड्यात बसायची. समोर रस्ता, त्यावर कापसाचे ट्रॅक्टर आणि नागपूरच्या बसगाड्या. पोरांना अक्षरं ओळखू येईनात, पण कुठल्या बसचा हॉर्न, ते डोळे मिटून सांगायची. आणि शाळेतला एकमेव धड चालणारा पंखा माझ्या एकटीच्या डोक्यावर! शेवटी टेबल-खुर्ची घेऊन मी व्हरांड्यात आले नि पहिली आत गेली.

"मॅडम, हेडमास्तरची काही शान असते का नाही?" गुरुजी म्हणाले.

"शानीले गरमी होते का गुरुजी? पोरायले होते."

पोरं महिनाभरात वाचायला लागली. पण ऐन मार्चच्या दुपारी पांढुर्ण्याहून साहेब तपासणीला आले. आमच्याकडे साहेब म्हटलं की हार, नारळ, समोसे आणि ऑफिसातली गादीची खुर्ची, एवढं ठरलेलंच. खुर्ची उन्हात पाहून साहेबांचा चेहरा समोशासारखा आक्रसला.

"मुख्याध्यापकांचा कक्ष कुठे आहे?" साहेब नेहमी छापील बोलत.

"त्यात पहिली भरते, साहेब."

"हे नियमात बसत नाही. पहिलीला आजच पूर्ववत व्हरांड्यात हलवा."

गुरुजींना एवढा आनंद झाला की त्यांनी दुसरा समोसा उचलला. माझ्या डोक्यात मात्र एकच: परत ते हॉर्न, परत तो धुरळा! "साहेब, एकदा खोली तर पाहा," मी म्हटलं. घामाने थबथबलेले साहेब पंख्याच्या आशेने आत शिरले.

आत पोरं गोल करून बसलेली. आमचं गणित असं: संत्रं फिरवायचं, आत बिया किती ते प्रत्येकाने सांगायचं. ज्याचा नंबर त्याने सोलायचं, फोडी वाटायच्या, मग सगळ्यांच्या तोंडातल्या बिया कागदावर मोजायच्या.

"बसा ना जी, मधात उभे नोका राहू," एक चिमुरडी बोलली. साहेब चक्क मांडी घालून बसले.

"सात," साहेबांनी ऐटीत सांगितलं. बिया निघाल्या सहा.

"यायनं एक गियली! मी पायलं!" चिमुरडीने बोट रोखलं.

साहेब कानापर्यंत लाल. "चुकून गिळली गेली," ते पुटपुटले, आणि उठायच्या ऐवजी बाह्या सरसावून आणखी पुढे सरकले. दुसरं संत्रं फिरायला लागलं. आता सोलायची पाळी येत येत त्यांच्या शेजाऱ्यापर्यंत आली होती.

तेवढ्यात गुरुजी दारात. "साहेब, बाकीच्या सतरंज्या गुंडायल्या व्हरांड्यात न्याले. पोरायले हालवू ना?"

साहेबांनी मान वर न करता हात झटकला आणि ओरडले, "कोनाले हालवू नोका हो गुरुजी, माहा नंबर येऊन राह्यला!"